पुष्कळ धावलेल्या इंजिनाची बांधणी : शक्ती आणि भरवसा

मोटारदुरुस्तीच्या कार्यशाळांत बोलली जाणारी मराठी मी गेली काही वर्षे टिपून घेत आहे. या कामाच्या आरंभी एका चिठ्ठीवर मी 'इंजिन ऑइल खाते' हा प्रयोग नोंदविला आणि त्यापुढे 'इंजिनातून वंगण गळते' असा अर्थ लिहिला. चिठ्ठी वाचून दाखविताच मिस्त्री हसले. गळणारे ऑइल जमिनीवर दिसते, खाल्लेले दिसत नाही, ते धुरातून जाते, असे त्यांचे म्हणणे होते. आणि ते अक्षरशः खरे होते. खाणे म्हणजे जाळून टाकणे, हा अर्थभेद मला केवळ वाक्ये गोळा करून कळला नसता. त्याकरिता पिस्टनच्या रिंगा काय करतात हे आधी समजून घ्यावे लागले. वस्तू न समजता तिचा शब्द नोंदविण्याचा प्रमाद आपल्या विभागातील अन्य अभ्यासकांकडून होऊ नये, एवढ्यासाठी प्रस्तुत लेखात शब्दांपेक्षा वस्तूकडे अधिक लक्ष दिले आहे. विषय एकच घेतला आहे : लाखो किलोमीटर धावलेले मालमोटारीचे डिझेल इंजिन पुन्हा बांधून त्यापासून पूर्वीपेक्षा अधिक शक्ती घ्यावयाची असेल, आणि ते भरवशाचेही राहावयास हवे असेल, तर नेमके काय करावे लागते?

उदाहरणादाखल कमिन्स कंपनीचे 'सहा-बीटी' हे 5.9 लिटरचे इंजिन घेऊ. ते निवडण्याचे कारण असे की, या इंजिनावर अशा प्रकारचे प्रयोग जितके झाले तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्यावर झाले असतील. केस या यंत्रनिर्मात्या कंपनीच्या भागीदारीत हे कुल 1984 साली अमेरिकेत निघाले. 1989 पासून ते डॉज कंपनीच्या लहान मालगाड्यांत बसू लागले आणि तेथील हौशी व व्यावसायिक कारागिरांनी त्याची कसून परीक्षा घेतली. आपल्याशी त्याचा संबंध दूरचा नाही. पुण्यात कोथरूडला किर्लोस्कर कमिन्स 1962 साली उभी राहिली; पुढे 1993 साली टाटा कमिन्सची स्थापना झाली आणि जमशेदपूरच्या कारखान्यात तयार होणारी याच कुळातील इंजिने टाटांच्या मालमोटारींतून आपल्या घाटांवर चढू लागली.

इंजिनाची रचना साधी आहे. एका रांगेत सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास 102 मि.मी. आणि पिस्टनची धाव 120 मि.मी. क्रँक सात बेअरिंगांवर फिरतो. कॅमला साखळी किंवा पट्टा नाही, दातेरी चाकेच त्याला फिरवितात. सिलिंडरला वेगळे लायनर नसतात, ब्लॉकच्या बिडातच भोक कातलेले असते. या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व पुढे येईल. डॉजमध्ये आरंभी या इंजिनाची शक्ती 160 अश्वशक्ती व पीळ 400 फूट-पौंड होता. 1994 साली बॉश कंपनीचा रांगेतील पंप आला आणि 1996 साली, हाताने गिअर बदलावयाच्या गाडीसाठी, हाच आकडा 215 अश्वशक्तीवर गेला. याच ब्लॉकचे नौकांसाठी केलेले रूप तर तीनशेहून अधिक अश्वशक्ती देत असे. यावरून ब्लॉकमध्ये शक्ती 'दडलेली' आहे, ती फक्त बाहेर काढावयाची, असा समज पसरला. नौकेतील इंजिनाची हवा समुद्राच्या पाण्याने थंड होते, आणि ते आपल्या कमाल शक्तीवर थोडाच वेळ चालावे असे गृहीत धरलेले असते, एवढे मात्र या समजात विसरले जाते.

डिझेल इंजिनाची शक्ती वाढविणे ही अतिशय सोपी गोष्ट आहे, आणि सगळा घोटाळा तेथेच आहे. पेट्रोल इंजिनात हवा अडविली की शक्ती उतरते. डिझेल इंजिन हवा घेईल तेवढी घेते. चालक पायाने जे बदलतो ते केवळ इंधनाचे प्रमाण. कमाल किती इंधन जावे हे पंपाच्या गव्हर्नरमधील एक छोटीशी पट्टी ठरविते. ती सरकविली किंवा तिचा आकार बदलला की दुसऱ्याच क्षणी गाडी जोरात ओढू लागते. एक भाग डिझेल पूर्ण जळावयास वजनाने सुमारे साडेचौदा भाग हवा लागते. प्रत्यक्षात धूर न होता जळण्यासाठी याहूनही बरीच जास्त हवा हाताशी असावी लागते, कारण सिलिंडरमधील फवारा आणि हवा काही क्षणांत पूर्णपणे मिसळत नाहीत. इंधन वाढविले आणि हवा तेवढीच राहिली, तर उरलेला कार्बन काळा धूर होऊन बाहेर पडतो आणि जळणाचे तापमान चढते. टर्बोने हवा पोहोचविण्यापूर्वी जास्त इंधन जाऊ नये यासाठी पंपावर एक नियंत्रक असतो. तोही पुष्कळ ठिकाणी 'नडतो' म्हणून निकामी केला जातो. असे फेरफार प्रदूषणाच्या नियमांत बसत नाहीत हे उघडच आहे. परंतु इंजिनाच्या दृष्टीनेही त्यात काय जाते ते पाहण्यासारखे आहे.

माझ्या नात्यातील एका गृहस्थांची मालमोटार खंबाटकीच्या घाटात बंद पडली, तेव्हा ते मला जवळून पाहावयास मिळाले. सात लाख किलोमीटर धावलेले इंजिन होते, कर्जाचे हप्ते अजून चालू होते. चढावर गाडी मागे पडते म्हणून एका पंपवाल्याकडून सील तोडून इंधन वाढवून घेतले होते. दोन महिने सर्वजण खूष होते. मग एके दिवशी भरलेल्या गाडीने घाट चढत असता इंजिन थरथरू लागले आणि ब्रीदरमधून धुराचे लोट येऊ लागले. हेड उतरविल्यावर चौथ्या पिस्टनचा माथा एका कडेने वितळून गेलेला दिसला. पुढे चौकशीत असे निष्पन्न झाले की, टर्बोकडून येणाऱ्या हवेची रबरी नळी फाटलेली होती आणि हवेचे फिल्टर गच्च भरलेले होते. गाडी मागे पडण्याचे मूळ कारण तेच होते! इंजिनाला हवा कमी पडत होती आणि त्यावर उपाय म्हणून त्याला इंधन जास्त देण्यात आले.

पिस्टन वितळतो कसा, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. पिस्टन ॲल्युमिनियम व सिलिकॉनच्या मिश्रधातूचा असतो. अशी मिश्रधातू सुमारे 577 अंश सेल्सिअसला वितळू लागते. टर्बोच्या तोंडाशी मोजलेले धुराचे तापमान मात्र सतत भाराखाली सुमारे 675 अंशांपर्यंत चालते, अशी अमेरिकेतील जाणकारांची रूढ मर्यादा आहे. सिलिंडरच्या आतील ज्वाळा तर याहून कितीतरी तप्त असते. तरीही पिस्टन टिकतो, कारण त्याच्यातून उष्णता सतत काढून घेतली जात असते : काही रिंगांवाटे सिलिंडरच्या भिंतीकडे आणि तेथून पाण्याकडे, काही खालून उडणाऱ्या ऑइलच्या धारेकडे. ही धार ब्लॉकमध्ये बसविलेल्या लहान तोट्यांतून पिस्टनच्या पोटावर उडते. म्हणजे पिस्टनचे आयुष्य एका जमाखर्चावर अवलंबून असते. जमा वाढली आणि खर्चाची वाट बुजली, तोटी चोंदलेली असली, रिंग भिंतीला नीट टेकत नसली, की धातू मऊ पडतो. म्हणून जुन्या इंजिनात इंधन वाढविणे हे नव्या इंजिनात वाढविण्यापेक्षा कितीतरी अधिक धोक्याचे.

इंजिन खोलण्यापूर्वी ते खोलण्याची गरज आहे काय, हे ठरविले पाहिजे. हा टप्पा आपल्याकडे बहुधा गाळला जातो. ब्रीदरमधून येणारा वायू मोजावा. तो रिंगांच्या बाजूने निसटलेला असतो. ऑइलचा दाब गरम इंजिनात पाहावा : या इंजिनासाठी मंद गतीत चौरस इंचास किमान 10 पौंड आणि पूर्ण गतीत 30 पौंड असावा. निळसर धूर ऑइल जळत असल्याचा, काळा हवा कमी पडत असल्याचा. पांढरा धूर थंड सकाळी न जळलेल्या डिझेलचा असू शकतो, पण गरम झाल्यावरही तो थांबला नाही तर पाणी आत जात असल्याची शंका घ्यावी. त्याआधी फिल्टर, हवेच्या नळ्या, इंधन उचलणारा छोटा पंप आणि टॅपेटचे अंतर तपासावे. वरील गृहस्थांनी एवढे केले असते तर शंभर-दोनशे रुपयांच्या नळीवर भागले असते.

इंजिन खोलले की धुणे आणि मोजणे ही दोन कामे. सिलिंडरची झीज सर्वत्र सारखी नसते, ही गोष्ट विद्यार्थ्यांना नवलाची वाटते. ती सर्वांत जास्त असते वरच्या टोकाशी, जेथे पहिली रिंग क्षणभर थांबून परत फिरते. कारण असे की, ऑइलचा पातळ थर टिकतो तो रिंगेच्या गतीमुळे. गती शून्य होते तेथे थर तुटतो, आणि नेमक्या त्याच क्षणी जळत्या वायूचा दाब रिंगेला मागून भिंतीवर रेटतो. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरपा असल्यामुळे पिस्टन एका बाजूस अधिक दाबला जातो, म्हणून भोक वर्तुळाकार न राहता किंचित लंबगोल होते. वर आणि खाली, उभे आणि आडवे, अशी मापे घेतल्याशिवाय नवी रिंग घालणे म्हणजे वाकड्या उंबऱ्यावर सरळ दार बसविण्यासारखे आहे. भोक कातून 0.5 किंवा 1 मि.मी. वाढवावे आणि त्या मापाचे पिस्टन घ्यावेत. वेगळे लायनर नसल्यामुळे त्यापुढे मात्र ब्लॉकमध्ये स्लीव्ह घालावी लागते, म्हणून पहिल्याच खेपेस अधिक कातून टाकण्याची घाई करू नये. कातल्यानंतर होनिंगने भिंतीवर एकमेकांस छेदणारे तिरपे ओरखडे काढतात. ऑइल धरून ठेवावयास ते आवश्यक असतात. आरशासारखी गुळगुळीत भिंत दिसावयास सुंदर. रिंग तीवर बसत नाही.

शक्ती वाढवावयाची असेल तर रिंगेच्या दोन टोकांमधील फट थोडी मोठी ठेवावी लागते. जास्त तापलेली रिंग जास्त लांबते. टोके एकमेकांस भिडली तर तिला पसरावयास भिंतीखेरीज जागा उरत नाही आणि ती सिलिंडर खरवडून काढते.

कार्यशाळेत 'हाफ इंजिन' आणि 'फुल इंजिन' असे दोन शब्द प्रचारात आहेत. हेड, पिस्टन, रिंगा एवढेच काम करून क्रँकला हात लावावयाचा नाही, ते हाफ. पैसे आणि दिवस वाचतात, म्हणून मालकाचा ओढा तिकडे असतो. परंतु रिंगा नव्या झाल्या की सिलिंडरमधील दाब पूर्ववत् वाढतो, आणि तो सगळा झिजलेल्या जुन्या बेअरिंगांवर येतो. शक्ती वाढविण्याचा बेत असताना हाफ इंजिन करणे माझ्या मते चुकीचेच. क्रँक काढून त्याच्या जर्नलची मापे घ्यावीत, गरज पडल्यास घासून लहान मापाची बेअरिंगे घालावीत. घासताना जर्नलच्या कडेची गोलाई जशीच्या तशी राखली पाहिजे. क्रँक तुटतो तो बहुधा तेथूनच. बेअरिंग आणि जर्नल यांतील मोकळीक व्यासाच्या सुमारे एक-हजारांश असते. याहून कमी असली तर ऑइलचा थर टिकत नाही, पुष्कळ जास्त असली तर दाब टिकत नाही.

येथे या इंजिनातील एका कुप्रसिद्ध खिळीचा उल्लेख करावयास हवा. पुढील दातेरी चाकांचे घर ब्लॉकवर नेमक्या जागी बसावे म्हणून कारखान्यात पोलादाची एक लहानशी खिळी वापरीत. घर बोल्टांनी आवळले की तिचे काम संपे. परंतु ती दाबून बसविलेली असते, अडविलेली नसते. वर्षानुवर्षांच्या थरथरीने ती हळूहळू सरकत बाहेर येते आणि फिरत्या चाकांत पडते. मग चाकांचे दात जातात किंवा घर फुटते. अमेरिकेतील कारागीर तिला 'मारेकरी खिळी' म्हणतात. उपाय इतका क्षुल्लक आहे की सांगावयास संकोच वाटतो : शेजारच्या बोल्टाखाली पत्र्याचा एक तुकडा असा आवळावयाचा की खिळीला बाहेर येण्याची वाटच राहू नये. शेकडो अश्वशक्तीसाठी मोठा टर्बो घालणारी, परंतु ही खिळी तशीच सोडणारी माणसे आहेत!

आता हेड. जळणाचा दाब हेडला वर उचलू पाहतो आणि सव्वीस बोल्ट त्याला खाली धरून ठेवतात. बोल्ट धरतो तो स्प्रिंगसारखा ताणला गेल्यामुळे. पान्यावर लावलेल्या जोरापैकी सुमारे नऊ-दशांश घर्षणातच खर्च होतो, जेमतेम एक-दशांश बोल्ट ताणण्यास लागतो. म्हणजे आटे कोरडे की ओले, स्वच्छ की गंजलेले, यावर पकड बदलते. म्हणून शेवटचा टप्पा जोराने मोजीत नाहीत, कोनाने मोजतात : ठरावीक जोरापर्यंत, मधून कडेकडे जाणाऱ्या क्रमाने, आवळून झाल्यावर प्रत्येक बोल्ट आणखी 90 अंश फिरवावयाचा. अंश घर्षणावर अवलंबून नसतात. जुना बोल्ट पुन्हा वापरण्यापूर्वी त्याची लांबी मोजावी. कायमचा लांबलेला बोल्ट टाकून द्यावा. हवेचा दाब कारखान्याच्या मापापेक्षा पुष्कळ वाढविणारे लोक बोल्टांऐवजी अधिक बळकट स्टड घालतात. माल वाहणाऱ्या गाडीत सपाट केलेले हेड, चांगले गॅसकेट आणि प्रामाणिक आवळणी पुरेशी होते. व्हॉल्व घासून बसवावेत आणि इंजिन थंड असता इनटेकचे अंतर 0.25 व एक्झॉस्टचे 0.51 मि.मी. ठेवावे. एक्झॉस्टचे अंतर दुप्पट का? तो अधिक तापतो आणि अधिक लांबतो.

शक्ती वाढविण्याचा खरा क्रम यानंतर सुरू होतो, आणि तो रूढ क्रमाच्या उलटा आहे : आधी उष्णता बाहेर नेण्याची सोय, मग हवा, सर्वांत शेवटी इंधन. रेडिएटर आतून-बाहेरून साफ, थर्मोस्टॅट नवा, इंटरकूलर धुतलेला, नळ्या घट्ट. टर्बोच्या दांड्याची हालचाल तपासलेली. नोझलचा फवारा यंत्रावर पाहून समान केलेला. सहांपैकी एक जरी धार टाकीत असला तरी पिस्टनचा माथा जाळावयास तो पुरतो. टायमिंगविषयी एक सूक्ष्म गोष्ट आहे. इंधन थोडे आधी सोडले तर धुराचे तापमान उतरते, म्हणून तापमापी पाहणारा चालक निश्चिंत होतो. परंतु सिलिंडरमधील कमाल दाब त्याच वेळी चढतो आणि त्याचा ताण हेडच्या बोल्टांवर व बेअरिंगांवर येतो. एक काटा खाली गेला म्हणून इंजिनावरचा भार कमी झाला असे होत नाही. इंजिनाची गती वाढवून शक्ती मिळविण्याचा मार्ग मालवाहू गाडीला मुळीच योग्य नाही. गती दुप्पट झाली तर पिस्टन व रॉड यांवरील जडत्वाचे बल चौपट होते.

बांधलेले इंजिन पहिले काही तास रिकामे गुरगुरत ठेवण्याची चाल आपल्याकडे आहे. ती हितावह नाही. रिंगेला भिंतीवर दाबणारा वायू भाराखालीच निर्माण होतो; भार नसेल तर होनिंगचे ओरखडे रिंग बसण्याआधीच ऑइलच्या जळक्या थराने भरून जातात. मध्यम भार द्यावा, गती कमी-अधिक करीत राहावे, आणि पहिले ऑइल लवकर बदलावे.

'बांधणे' हे क्रियापद येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. कार्यशाळेतील नामे बहुतेक सर्व इंग्रजी आहेत. मिस्त्री हा शब्दच मुळात पोर्तुगीज 'मेस्त्र'पासून आलेला. क्रियापदे मात्र मराठी आहेत : इंजिन उतरविणे, खोलणे, व्हॉल्व घासणे, पंपाची हवा काढणे, टायमिंग जुळविणे. सुटे भाग एकत्र करण्याला 'जोडणे' म्हणता आले असते, परंतु मिस्त्री घराप्रमाणे इंजिनही बांधतात, आणि 'हे कोणी बांधले?' असा प्रश्न घराच्याच सुरात विचारतात.

घाटात बंद पडलेल्या त्या इंजिनाचे फुल काम झाले. खिळी अडविली, तोट्या तारेने मोकळ्या केल्या, नळी नवी घातली. पंप यंत्रावर चढवून इंधन कारखान्याच्या मापावर परत आणले. मालकांची याला तयारी नव्हती, मिस्त्रींनी त्याखेरीज गाडी सोडण्याचे नाकारले. पंधरा दिवसांनी चालकाने सांगितले की, खंबाटकीला गाडी आता एक गिअर वर चढते आणि धूर दिसत नाही. वाढविलेल्या इंधनाने जी शक्ती मिळाली होती तिच्यापेक्षा, जी शक्ती वाटेत हरवत होती ती अधिक होती. माझ्या चिठ्ठीवर आता अशी नोंद आहे : 'ऑइल खाणे — झिजलेल्या रिंगांवरून किंवा व्हॉल्वच्या गाइडमधून वर आलेले वंगण सिलिंडरमध्ये जळून खर्च होणे, गळणे याहून भिन्न.' व्हॉल्वच्या गाइडची भर मिस्त्रींनी नंतर घालावयास लावली.